ब्राउझरमधली एआय फोटो-साधनं: बडोद्यातल्या घरगुती वापराचा अनुभव

गेल्या गणपतीच्या आधीपासून घरातले जवळजवळ सगळे फोटो मी ब्राउझरमध्येच नीट करते आहे. लॅपटॉप जुना, मोठं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही, म्हणून याकडे वळले. आता इतक्या महिन्यांनंतर माझं मत पक्कं झालंय. फोटोतलं नको असलेलं काढायला ही साधनं फार चांगली आहेत. पण जे फोटोत नव्हतंच ते भरून द्यायला लागली की डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि चेहरा तर त्यांच्या हाती देऊच नये.

आधी चांगलं सांगते. माझी नणंद दांडिया बाजारात घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. व्हॉट्सॲपवर टाकायच्या फोटोंत मागे गॅसची शेगडी, तेलाचा डबा, कोणाचा तरी हात असं सगळं यायचं. आता मागचा भाग काढून मी साधा रंग देते. चकलीच्या वेटोळ्यांमधल्या फटीसुद्धा स्वच्छ निघतात, कारण साधन नुसती कडा कापत नाही, कडेवरच्या प्रत्येक बिंदूला कमी-जास्त पारदर्शकता देतं. पांढऱ्या ताटलीत पिठीसाखर भुरभुरलेले चिरोटे ठेवले की मात्र त्याला कळत नाही चिरोटा कुठे संपला आणि ताटली कुठे सुरू झाली. स्टीलच्या डब्यात समोरची खिडकी दिसत असेल तरी तेच. उपाय फोटो काढतानाच करायचा: खाली गडद रंगाचा खण किंवा साधी सतरंजी, आणि भांडं पितळेचं.

फुकटात मिळणाऱ्या आकाराकडे लक्ष असू द्या. रिमूव्ह डॉट बीजी हे २०१८च्या अखेरीस आलेलं साधन बहुतेकांना माहीत आहे. पैसे न भरता त्यातून मिळतो तो फोटो साधारण पाव मेगापिक्सेलचा, म्हणजे अडीच लाख पिक्सेलचा. मोबाइलवर पाहायला तो पुरतो. चार बाय सहा इंचांची चांगली छपाई हवी असेल तर १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे वीस लाखांच्या वर. दिवाळीच्या कार्डावर तो फोटो धूसर का आला, असं मला दोघी-तिघींनी विचारलं, त्याचं कारण हेच.

नको त्या गोष्टी पुसण्यातही असाच फरक आहे. सुरसागर तलावाच्या काठावर पाहुण्यांचा फोटो काढला, मागे १११ फुटी महादेव आणि मधून विजेच्या तारा. तारा आकाशावरून अशा पुसल्या गेल्या की शोधूनही खूण सापडली नाही. आकाश सगळीकडे सारखंच असतं, आजूबाजूचं घेऊन भरता येतं. मांडवी या जुन्या दरवाजापुढची रिक्षा पुसायला सांगितली तेव्हा मात्र रिक्षाच्या जागी भिंत आली आणि एक कमान बुजली. बडोद्याबाहेरच्या कोणाला ते लक्षातही आलं नसतं. आपल्या गावातली वास्तू अशी चुकीची पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून तो फोटो मी रिक्षेसकटच ठेवला.

गणपतीचं निमंत्रण करताना आणखी एक गोष्ट कळली. आमच्या सोसायटीत मराठी आणि गुजराती दोन्ही अक्षरं लागतात. चित्र बनवणाऱ्या साधनाला मजकूर चित्रातच लिहायला सांगितलं की जोडाक्षरं मोडतात, वेलांटी भलतीकडे जाते. आता चित्र तिथून घेते आणि मजकूर वेगळा, स्वतः टंकून वर बसवते. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट आणि त्याचंच गुजराती भावंड ‘मुक्त वाणी’, दोन्ही गूगल फॉन्टवर मोफत आहेत आणि शेजारी शेजारी शोभून दिसतात.

आता चेहऱ्यांविषयी, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच. आमच्याकडे आत्याबाईंचा, म्हणजे सासऱ्यांच्या आत्याचा, एकच फोटो आहे. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. फोटो छोटा आणि डागाळलेला. ‘जुने चेहरे स्पष्ट करा’ अशा एका साधनात तो घातला. चेहरा लख्ख झाला, पापण्यासुद्धा मोजता याव्यात इतका. सासूबाईंनी पाहिला आणि म्हणाल्या, “आत्याबाईंचा डावा डोळा जरा बारीक होता. या त्या नव्हेत.”

नीट पाहिलं तर बरंच बदललं होतं. दोन्ही डोळे सारखे, नथीचे मोती गालात विरघळलेले, रंग उजळलेला, आणि कुंकू अर्धं पुसलेलं. यामागचं कारण समजून घेतलं तर राग कमी होतो, पण वापर थांबवावासा वाटतो. अंधुक फोटोत माहिती नसतेच. साधन आधी पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून एक शक्य असलेला चेहरा रचतं. जीएफपीगॅन हे या कामातलं प्रसिद्ध मॉडेल फ्लिकरवरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकलेलं आहे. त्यात नथ घातलेल्या बायका कितीशा असणार? २०२० साली ड्यूक विद्यापीठातल्या पल्स या साधनाला बराक ओबामांचा अंधुक केलेला फोटो दिला, तेव्हा गोऱ्या वंशाचा माणूस बाहेर आला होता. तिथेही हेच घडलं.

कुंकवाचं तर आणखी वेगळं आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग उमटत नसे, त्यामुळे लाल कुंकू काळं दिसतं. साधनाला तो डाग वाटतो. रंग भरायला दिलं तर ते काळंच ठेवतं, आणि लुगड्याला वाटेल तो रंग देतं. कृष्णधवल फोटोत रंगाची नोंदच नसते, तेव्हा घरातल्या कोणाला खरा रंग आठवत असेल तरच रंग भरावा.

आत्याबाईंचा फोटो शेवटी मी फोटोपी या साधनात हाताने केला. हे ब्राउझरमध्ये चालतं, पण फोटोचं नेहमीचं काम आपल्याच कॉम्प्युटरवर होतं. स्पॉट हीलिंग ब्रशने डाग आणि ओरखडे एकेक करून काढले, चेहऱ्याला हात लावला नाही. काही संध्याकाळी गेल्या. फोटो अजून थोडा अंधुक आहे, पण सासूबाईंनी तोच मोठा करून मागितला.

फोटो कुठे जातो हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. साधन पूर्ण उघडलं की वाय-फाय बंद करा आणि मग काम करून पाहा. चाललं तर ते काम आपल्याच मशीनवर होतंय. अडलं तर फोटो बहुधा दुसरीकडे पाठवला जातोय. आधार कार्ड, शाळेच्या फॉर्मचे फोटो, लहान मुलांचे फोटो मी दुसऱ्या प्रकारात कधीच घालत नाही. फॉर्मसाठी फोटो ठरावीक केबीत बसवायचा असेल तर गूगलचं स्क्वूश वापरते, ते आपल्याच मशीनवर काम करतं.

आणि पैसे भरायचेच असतील तर आधी सगळा अल्बम ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या, मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, मग एकाच महिन्याचा प्लॅन घेऊन काम उरका आणि ऑटोपे लगेच बंद करा.