आयलीन ग्रेचं प्रदर्शन आणि सोबतचे कार्यक्रम: वर्कशॉपला नक्की जा, चर्चेचं तुमचं तुम्ही बघा

आई सावंतवाडीहून तीन महिन्यांसाठी इकडे डब्लिनला आली होती तेव्हाच एका छोट्या गॅलरीत आयलीन ग्रे या डिझायनर-आर्किटेक्ट बाईंवर प्रदर्शन लागलं होतं, आणि त्याच्यासोबत गाइडेड टूर, लॅकरचं (लाकडावर थरावर थर देऊन चकाकी आणायचं) वर्कशॉप, मुलांचं सेशन आणि एक चर्चा असे चार कार्यक्रम होते. चारही केले. गॅलरीचं नाव लिहीत नाही कारण खाली एक मोठी तक्रार आहे आणि तिथली माणसं अगदी मनापासून राबत होती, त्यांना नावानिशी टोचायचं नाहीये. पण असे कार्यक्रम सगळीकडे होत असतात आणि कशाला जावं कशाला नाही हे आपल्याला कळत नाही, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आयलीन ग्रे १८७८ साली इथेच आयर्लंडमध्ये एनिसकॉर्थीजवळ जन्मली, आयुष्य बहुतेक पॅरिसमध्ये गेलं, आधी लॅकरचं काम, मग गालिचे, फर्निचर, आणि आर्किटेक्चरचं कुठलंही रीतसर शिक्षण नसताना फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रासमोर पहिलं घर बांधलं ते १९२६ ते २९ मध्ये, म्हणजे घर पूर्ण झालं तेव्हा बाई पन्नाशीच्या होत्या. त्या घराचं नाव ई-१०२७. ई म्हणजे आयलीन, १० म्हणजे दहावं इंग्रजी अक्षर जे, २ म्हणजे बी, ७ म्हणजे जी, मधली दोन अक्षरं तिचा जोडीदार जाँ बादोविची याची, आणि तो तिच्या नावाच्या मधोमध धरलेला. टूरवाल्या मुलीने हे बोटांवर मोजून दाखवलं आणि आईने लगेच आपलं आणि बाबांचं नाव तसं करून बघितलं.

टूर फुकट होती, पाऊण तासाची, १२ जणांचा ग्रुप. प्रदर्शनात जास्त करून फोटो, ड्रॉइंगच्या प्रती आणि आताच्या कंपन्यांनी परत बनवलेलं फर्निचर. नुसते फिरलो असतो तर वीस मिनिटांत बाहेर पडलो असतो, खरं सांगते. पण टूरवाल्या मुलीने काय केलं, ग्रेचं जे प्रसिद्ध गोल काचेचं टेबल आहे ना स्टीलच्या नळीचं, ते एक हात लावायला म्हणून वेगळं ठेवलं होतं, आणि तिने आईलाच पुढे बोलावलं. मागे एक साखळी आणि तिला अडकवलेली पिन. पिन काढायची, काच वर उचलायची, हव्या त्या भोकात पिन परत घालायची, झाली उंची बदलली. खालची रिंग एका बाजूला उघडी आहे त्यामुळे टेबल पलंगाखाली सरकतं आणि काच बरोबर माणसाच्या मांडीवर येते. ग्रेच्या बहिणीला अंथरुणात नाश्ता करायची सवय होती, नाश्त्याचे तुकडे चादरीवर सांडू नयेत म्हणून हे केलं अशी गोष्ट सांगतात. आईने दोनदा पिन काढली घातली आणि म्हणाली, "आजीच्या शेवटच्या वर्षी आपल्याकडे असं एक असतं तर." आजी आठ महिने अंथरुणावर होती, आम्ही मांडीवर उशी आणि उशीवर ताट ठेवून भरवायचो आणि आमटी हमखास कलंडायची. त्या एका वाक्यानंतर माझ्यासाठी ते टेबल म्युझियमची वस्तू राहिलं नाही. ग्रेच्या त्या ई-१०२७ घरात म्हणे भिंतींवर अक्षरं पण होती, दारापाशी 'सावकाश आत या' अशा अर्थाचं फ्रेंचमध्ये, कपाटांवर हॅट, पायजमे, उश्या, काय कुठे ठेवायचं ते. माणूस घरात कसा वावरेल, कुठे वाकेल, हात कुठे जाईल याचा इतका विचार, आणि तोही त्या काळात जेव्हा बाकीचे घराला मशीन म्हणत होते.

आता वर्कशॉप. ३५ युरो माणशी, अडीच तास, आठच जागा. पैसे जास्त वाटले बुक करताना, नंतर नाही वाटले. शिकवणाऱ्या बाईंनी आधी खऱ्या जपानी लॅकरबद्दल सांगितलं, ते एका झाडाचा चीक असतं, थर एकदम पातळ द्यायचा, तो घट्ट झाला की घासायचा, परत थर, असे वीस-वीस थर सुद्धा, आणि मजा म्हणजे ते उन्हात वाळत नाही, त्याला दमट हवाच लागते. आमच्याकडे पावसात पापड सोडा, टॉवेल वाळत नाहीत आणि हे उलट पावसाळी हवेतच कडक होतं, आईला हे फारच पटलं. ग्रे हे काम पॅरिसमध्ये सुगावारा नावाच्या जपानी कारागिराकडे वर्षानुवर्षं शिकली, त्या चिकाने तिच्या हातांवर पुरळ उठायचं तरी सोडलं नाही. बाई हे सांगत होत्या आणि आई एकदम मोठ्याने, "अगो, म्हणजे बिब्बो उतलो!" मी ट्रान्सलेट करून सांगितलं की आमच्याकडे एक बी असते, तिचं तेल अंगाला लागलं की असंच होतं, काजूच्या टरफलाने पण होतं. तर त्या बाई म्हणाल्या बरोबरच आहे, बिब्बा, काजू, आंबा आणि ते लॅकरचं झाड सगळी एकाच कुळातली, आणि आज आपण वापरणार ते लॅकर काजूच्या टरफलाच्या तेलापासूनच केलेलं आहे, खरं नवशिक्यांच्या हातात देत नाहीत. सावंतवाडीची बाई डब्लिनमध्ये काजूचं लॅकर लावत बसलीय, मला भरून आलं.

प्रत्येकाला तळहाताएवढी लाकडी फळी, ग्लव्ज, चपटा ब्रश. थर आधीच देऊन ठेवलेल्या फळ्या घासायला वेगळ्या होत्या, पाणी लावून बारीक सँडपेपरने. घासताना चकाकी पूर्ण जाते, करडं धुरकट दिसायला लागतं, वाटतं आपण वाट लावली, आणि मग पुसून पुढचा थर दिला की आधीपेक्षा खोल काळं दिसतं, विहिरीत डोकावल्यासारखं. माझ्या फळीवर ब्रशचा एक केस अडकला तर बाईंनी चिमट्याने काढून तेवढाच भाग परत घासायला लावला, घाई अजिबात नाही. आई सावंतवाडीच्या चितारआळीत लहानपणापासून लाखेची खेळणी बनताना बघितलेली, तिने मग फोनवर व्हिडिओ दाखवला, कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने रंग कसा चढतो ते. लाख किड्याची, हे झाडाचं, दोन्ही वेगळं, पण पुढची वीस मिनिटं सगळा वर्ग त्या व्हिडिओवर होता आणि शिकवणाऱ्या बाई स्वतः नोट्स काढत होत्या. असं कुठे होतं सांगा.

मुलांचं सेशन भाचीसाठी केलं, पुठ्ठ्याचे आयत कापून काड्यांवर ओवायचे आणि ग्रेच्या विटांसारख्या पडद्याचं छोटं मॉडेल करायचं. प्रत्येक वीट काडीभोवती वेगळी फिरते, म्हणजे पडदा बंद पण आणि आरपार पण. छान, सोपं, तासाभरात झालं, आठ वर्षांवरच्यांना न्या.

चर्चेने मात्र निराश केलं. १५ युरो तिकीट, तीन वक्ते, दीड तास, आणि त्यातली निदान चाळीस मिनिटं ल कॉर्ब्युझिए या प्रसिद्ध आर्किटेक्टवर. मान्य आहे की त्याने १९३८-३९ मध्ये तिच्या घराच्या भिंतींवर तिला न विचारता चित्रं रंगवली आणि मग शेजारीच स्वतःची छोटी केबिन बांधली, तिथल्याच समुद्रात १९६५ ला पोहताना गेला, गोष्ट आहेच जबरदस्त. पण ते घर कित्येक वर्षं त्याचं किंवा बादोविचीचं म्हणूनच ओळखलं गेलं आणि तिचं नाव मागे पडलं, हे सांगण्यासाठी जमलेल्या सभेत परत त्याच्याच स्लाइड्स बघायच्या? तिचं नाव पुन्हा घेतलं जायला लागलं ते १९६८ नंतर, १९७२ ला तिचा एक जुना लॅकरचा पडदा पॅरिसच्या लिलावात गाजला तेव्हा ती ९४ वर्षांची होती. या शेवटच्या वर्षांबद्दल मला ऐकायचं होतं, त्यावर दोन मिनिटं. शिवाय माइक खरखरत होता आणि मागे आम्हाला निम्मं ऐकूच आलं नाही, दोनदा हात वर करून सांगितलं तरी.

मी शेवटी प्रश्न विचारला इंदूरच्या माणिकबागेबद्दल. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टकडून तो महाल करून घेतला, त्यात ग्रेची 'ट्रान्सॅट' खुर्ची होती, जहाजाच्या डेकवरच्या खुर्च्यांवरून सुचलेली. स्टेजवर कोणाकडे उत्तर नव्हतं, वेळ संपला म्हणाले. पण नंतर बाहेर चहाच्या टेबलाशी त्यातल्याच एक बाई स्वतःहून आल्या, कागदावर पेनने खुर्चीचे जोड काढून दाखवले, डोक्याची उशी कशी पुढे-मागे झुकते ते सांगितलं. पंधरा मिनिटांत त्या दीड तासापेक्षा जास्त मिळालं. हेच स्टेजवर का नाही बोललात, असं मी त्यांना विचारलं पण, तर म्हणाल्या विषय आधीच ठरलेले असतात.

इथे राहणाऱ्यांनी किंवा फिरायला येणाऱ्यांनी कॉलिन्स बॅरॅक्सला नॅशनल म्युझियममध्ये मात्र जाच, तिथे ग्रेवर कायमचं दालन आहे, प्रवेश फुकट, लुआस ट्रामच्या रेड लाइनवर म्युझियम स्टॉपला उतरायचं की समोरच. आम्ही वर्कशॉपनंतरच्या रविवारी गेलो. तिची खरी हत्यारं आणि लॅकरचं काम तिथे आहे, आणि स्वतः एक थर घासून झाल्यावर ते बघणं फार वेगळं असतं, आई एकेका काचेसमोर पाच-पाच मिनिटं उभी होती, थर मोजायचा प्रयत्न करत.

तर क्रम असा ठेवा, आधी वर्कशॉप, मग टूर, आणि प्रदर्शन शेवटी निवांत. चर्चेला जायचं झालंच तर पुढच्या रांगेत बसा. वर्कशॉपला जुने कपडे घाला, डाग निघत नाहीत, माझ्या कुर्त्याच्या बाहीवर अजून आहे. आणि तुम्हाला बिब्बा किंवा काजूचं तेल उतत असेल तर बुकिंग करतानाच सांगा, त्यांच्याकडे दुसरं साधं व्हार्निश असतं.