मुक्तिनाथच्या वाटेवरचे अठरा हजार रुपये

आमच्या रावेर तालुक्यातून नेपाळमधल्या मुक्तिनाथ या तीर्थाला जाणारी मंडळी सहसा टोळीने जातात आणि पावसाळा टाळून जातात. मी मात्र २०२२ च्या ऑगस्टमध्ये, भर श्रावणात एकटाच गेलो. केळीची कापणी उरकली होती, बाग धाकट्या भावाच्या हवाली केली होती आणि हंगाम नसल्याने सर्व काही स्वस्तात होईल, असा माझा हिशेब होता. मुक्तिनाथ अन्नपूर्णा आणि धवलागिरी यांच्या पलीकडे, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे तिथे पाऊस फारसा लागत नाही, हेही मला ठाऊक होते. पण तिथवर नेणारा रस्ता पोखऱ्याहून निघाल्यावर लुम्लेच्या परिसरातून जातो. आमच्या जळगाव जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर लुम्लेला पाच हजारांहून अधिक. हा विचार मी केला नव्हता.

भुसावळहून रेल्वेने गोरखपूर आणि तेथून सीमेवरच्या सुनौलीमार्गे मी पोखऱ्याला पोहोचलो. तलावाकाठच्या हॉटेलात त्या दिवशी माझ्याखेरीज एकही उतारू नव्हता. संध्याकाळी हॉटेलमालकाच्या ओळखीचा एक मनुष्य येऊन बसला. तो स्वच्छ हिंदी बोलत होता आणि पहिल्या वाक्यापासून मला ‘काकाजी’ म्हणत होता. दरड कोसळून रस्ता बंद आहे, बसगाड्या थांबल्या आहेत, असे सांगून त्याने मोबाइलवर दरडीचे चित्रण दाखवले. विमानाचा विषय मी काढताच तो काही क्षण गप्प बसला. त्याच वर्षी मे महिन्यात पोखऱ्याहून मुक्तिनाथजवळच्या जोमसोमला जाणारे विमान कोसळून २२ जण गेले होते, याची त्याला आठवण करून द्यावी लागली नाही आणि मलाही नाही. शेवटी त्याने मार्ग सुचवला: जाऊन-येऊन रिझर्व्ह जीप, चालक रस्त्याचा जाणकार, भाडे अठरा हजार. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात शिरण्याच्या परवान्याचे तीन हजार नेपाळी रुपये वेगळे.

आमच्याकडे व्यापारी बागेत येऊन ‘दिल्लीला माल तुंबला आहे, आज गाडी लागली तर लागली’ असे म्हणतो आणि घड झाडावर थांबणार नसल्याने आम्ही बाजार समितीच्या जाहीर बोर्डभावापेक्षा कमी दराने माल देऊन मोकळे होतो. ही युक्ती मी तीस वर्षे पाहत आलो आहे. तरीही त्या रिकाम्या हॉटेलात ती मला ओळखता आली नाही, कारण शेजारच्या शेतकऱ्याला ‘तुला काय भाव मिळाला?’ असे विचारावे, तसा दुसरा प्रवासीच तिथे नव्हता. पोखऱ्यातल्या बागलुङ बसपार्कवर, म्हणजे बसस्थानकावर, जाऊन चौकशी केली असती, तर खरे काय ते कळले असते. पण बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी गेलो नाही. दहा हजार नेपाळी रुपये आगाऊ दिले व पावती घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घासा गावाच्या पुढे जीप थांबली. दरड खरोखरच कोसळली होती, त्या बाबतीत तो खोटे बोलला नव्हता. मात्र डोक्यावर पोती घेतलेली माणसे चिखलातून पायी पलीकडे जात होती आणि पलीकडच्या बाजूला जोमसोमची बस उभी दिसत होती. चहाच्या टपरीवरील बाईंनी सांगितले की, आठवडाभर असेच चालले आहे. दोन्हीकडे गाड्या आहेत, मधले पंधरा मिनिटांचे अंतर चालावे लागते. चालक म्हणाला, माझे काम इथवरच, उरलेले पैसे द्या. मी आठ हजार नेपाळी रुपये काढू लागलो, तेव्हा त्याने मान हलवली: ‘आयसी.’

नेपाळात भारतीय चलनाला आयसी आणि तिथल्या चलनाला एनसी म्हणतात. एका भारतीय रुपयाचे १.६ नेपाळी रुपये होतात. पावतीवर ‘१८,०००’ एवढा आकडा आणि एक वेलांटीदार सही होती. कोणते रुपये, हे लिहिलेले नव्हते. संस्थेचे नाव-पत्ताही नव्हता. माझ्या समजुतीप्रमाणे मी पाच हजार भारतीय रुपये देणे लागत होतो, त्याच्या हिशेबाने ११,७५०. माझी बॅग जीपच्या मागच्या बाजूला कुलपात होती. नेपाळी सिमकार्ड मी घेतले नव्हते, त्यामुळे कोणाला फोनही करता येईना. अर्धा तास घासाघीस करून नऊ हजारांवर तडजोड झाली. मोठ्या भारतीय नोटांवर तिथे तेव्हा बंदी असल्याने मी शंभराच्या नोटा नेल्या होत्या. त्या नव्वद नोटा मी पावसात जीपच्या बॉनेटवर मोजल्या, आणि त्याने त्या पुन्हा एकदा, ओल्या नोटा एकमेकींपासून सोडवत, निवांतपणे मोजल्या.

पलीकडच्या बसचे भाडे चारशे नेपाळी रुपये पडले. जोमसोमच्या चौकीवर परवाना दाखवताना त्यावर छापलेली रक्कम मी प्रथमच नीट वाचली: सार्क देशांच्या नागरिकांसाठी एक हजार. तीन हजार हा इतर परदेशीयांचा दर आहे. मुक्तिनाथचे दर्शन शांतपणे झाले, १०८ धारांखाली स्नानही झाले, पण खरे सांगायचे तर मनात आकडेमोडच चालू होती. परतीचा सारा प्रवास स्थानिक बसने, दोनदा गाडी बदलून, दोन हजार नेपाळी रुपयांच्या आत झाला.

पोखऱ्याला पर्यटक पोलिसांकडे गेलो. तेथील अधिकाऱ्याने पावती उलटसुलट पाहून पहिला प्रश्न तोच विचारला: हे रुपये कोणते? माझ्याकडे उत्तर नव्हते. जीपच्या पैशांबाबत आपण काही करू शकत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. परवान्यावर मात्र रक्कम छापलेली असल्याने त्याने हॉटेलमालकाला फोन लावला. तासाभराने एक मुलगा छत्री घेऊन आला आणि दोन हजार नेपाळी रुपये टेबलावर ठेवून काही न बोलता निघून गेला. त्यातूनच मी सुनौलीच्या बसचे तिकीट काढले.