‘तुमचं पोट परत मोठं झालं’ असं सांगून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन वर्षं झाली आणि जेवण पूर्वीपेक्षा जास्त जाऊ लागलं, की अशा माणसांना हुडकून गाठणारी एक टोळी नागपुरात फिरते आहे. ‘पाउच रीसेट’ (पाउच म्हणजे शस्त्रक्रियेनंतर उरलेलं लहान जठर) या नावाने ते पावडरचे डबे विकतात. माझ्याकडून त्यांनी ४२,००० रुपये घेतले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण माझ्याच शरीराबद्दल माझ्या मनात त्यांनी जी भीती घातली, तिचा राग जास्त आहे. ती कशी घातली हे कळलं तर पुढचा माणूस वाचेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी २०२१ मध्ये रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात झाली. यात जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. सुरुवातीला तिच्यात साधारण १०० ते १५० मिली एवढंच मावतं. पहिल्या काही आठवड्यांत चार चमचे वरणाचं पाणी घेतलं की छातीपर्यंत भरल्यासारखं व्हायचं. वर्षभराने अर्धी भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण जाऊ लागलं. तिसऱ्या वर्षी दीड पोळी, भाजी, वरण आणि वर थोडा भात. वजन ११६ किलोवरून ७१ वर आलं होतं, ते ७६ झालं.

यातली एकही गोष्ट बिघाडाची नव्हती. पण मला ते कोणी आधी सांगितलेलं नव्हतं. दवाखान्यातून मिळालेला आहाराचा तक्ता सहाव्या महिन्यापाशी संपत होता. तिसऱ्या वर्षी ताटात किती असावं, वजन थोडं वर सरकलं तर त्याचा अर्थ काय, याचा त्यात शब्दही नव्हता. आणि ही माणसं नेमकी तिथेच शिरतात.

घरचेही नकळत त्यांचं काम सोपं करतात. एका लग्नात पंगतीत मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “तू तं आता आमच्याएवढंच जेवून राहिली न बापा! पोट परत वाढलं वाटते.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ज्याने पोट कापून घेतलं आहे, त्याला हे वाक्य किती लागतं ते दुसऱ्याला कळणार नाही.

त्याच सुमारास मोबाइलवर जाहिरात दिसली: शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी मोफत पोट-क्षमता तपासणी. नाव आणि नंबर भरला, लगेच फोन आला आणि सीताबर्डीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावलं. पांढरा कोट घातलेली एक बाई, वजनकाटा, भिंतीवर जठराची चित्रं. ती बाई डॉक्टर नव्हती आणि आहारतज्ज्ञही नव्हती, हे पुढे कळलं.

तपासणी अशी होती. खुणा केलेल्या पेल्यात पातळ, गोडसर दही दिलं. “ताई, पोट भरेपर्यंत सावकाश खा.” पेला संपला की दुसरा. मधे मधे कोमट पाण्याचे घोट. अर्ध्या तासाने तिने सगळे पेले जोडले आणि कागदावर लिहिलं, ७०० मिली. “शस्त्रक्रियेच्या वेळी १०० होतं, ताई. आता सातपट झालं. वर्षभरात होतं तिथे परत जाल.” माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही घाम फुटला.

मग उपाय आलाच. त्यांची पावडर, फक्त पातळ आहार आणि काही दिवसांत जठर “मूळ मापावर” येणार याची हमी. किंमत ६०,०००, पण आज भरले तर ४२,०००. पैसे यूपीआयने, तेही कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या खात्यावर. पक्कं बिल कुरिअरने येईल म्हणाले, ते कधीच आलं नाही. पावडरमध्ये सगळं आहे, तेव्हा बी-१२, लोह, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन या गोळ्या पूर्ण बंद करा, असंही बजावलं. सगळ्या प्रकरणातलं सर्वांत घातक वाक्य हेच. स्लीव्ह असो वा वजन कमी करण्याची जठराची बायपास शस्त्रक्रिया, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. त्यात आहार नुसता पातळ झाला आणि उलट्या सुरू झाल्या, तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, झपाट्याने कमी होतं आणि नसांना व मेंदूला इजा होऊ शकते.

पावडरवर असताना वजन चार किलो उतरलं. अन्न एकदम तोडलं की शरीरातली साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी आधी जातं, काटा खाली येतो, आणि नेहमीचं जेवण सुरू झालं की तो परत चढतो. माझा चढला. पण त्याआधी त्यांनी दुसऱ्या तपासणीला बोलावून घेतलं होतं.

या वेळी दही नव्हतं. कोरडं, घट्ट पनीर आणि उकडलेले चणे. नीट चावून खायचे, पाणी अजिबात नाही. मूठभर खाल्ल्यावर मला पुढे घास जाईना. बाईंनी कागदावर १२० लिहिलं आणि हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. त्याच टाळ्यांत दुसऱ्या टप्प्याचे डबे आणि “आणखी दोन जणांना जोडलं तर सूट” ही योजना पुढे आली.

सगळी लबाडी या दोन पदार्थांत आहे. पातळ पदार्थ त्या नळीत थांबतच नाही, एका बाजूने जातो आणि दुसऱ्या बाजूने आतड्यात उतरतो. त्यामुळे कितीही दही खाता येतं, आणि त्यावरून जठराचं माप काढता येत नाही. घट्ट, प्रथिनांचा, कोरडा पदार्थ आत बसून राहतो आणि लवकर पोट भरवतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे सोडले, तर पुढच्याच महिन्यांत कोणालाही दह्याचे पेले असे भरत दिले असते, तरी आकडा १०० च्या बराच वर गेला असता.

याचा पडताळा आपल्या नागपुरात ही शस्त्रक्रिया झालेलं कोणीही घेऊ शकतं. झुणका-भाकर कोरडी खा, अर्ध्या भाकरीत हात थांबतो. तर्री-पोहे खा, प्लेट संपते आणि अजून जागा आहे असं वाटतं, कारण तर्रीने पोहे खाली ढकलले जातात. बिस्किटं चहात बुडवून, चिवडा, संत्रा बर्फी, आइस्क्रीम, सगळं असंच सरकत जातं. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नका, आधी प्रथिनं खा, हे दवाखान्यात सांगतात ते यासाठीच. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं आधी भरली, की बाकीच्या गोष्टींना आपोआप जागा कमी राहते.

तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा मी परत माझ्या सर्जनकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासलं. बी-१२ आणि हिमोग्लोबिन, दोन्ही खाली. मग बेरियमची तपासणी केली. पांढरं द्रव पिऊन एक्स-रे काढतात, त्यात नळी प्रत्यक्ष दिसते. माझी नळी जशी असायला हवी तशीच होती, कुठे फुगवटा नव्हता.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मला तिसऱ्या वर्षी नाही, पहिल्याच दिवशी ऐकायला हवं होतं. सुरुवातीला जे चार चमच्यांत भरतं, त्यात टाक्यांजवळच्या सुजेचा मोठा वाटा असतो. सूज उतरली की जागा होते. पुढे जठराची भिंत थोडी सैलावते, ते ठरलेलंच. भुकेचं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या, कापून टाकलेल्या भागात तयार होतं, म्हणून अनेकांना पहिलं वर्ष फारशी भूक लागत नाही. नंतर शरीर जुळवून घेतं आणि भूक थोडी परत येते. बहुतेकांचं वजन वर्ष ते दोन वर्षांत सगळ्यात खाली असतं, आणि तिथून काही किलो वर येणं हे नेहमीचं आहे. “दीड पोळी खाता येणं म्हणजे शस्त्रक्रिया फसली नाही हो, तुम्ही माणसासारखं जेवू लागलात,” ते म्हणाले. शस्त्रक्रियेआधी मी जेवायचे त्याच्या निम्म्यानेही आज ताट भरत नाही, हे त्यांनी माझ्याच जुन्या नोंदींतून दाखवलं.

काहींची नळी खरोखर प्रमाणाबाहेर फुगते, हेही त्यांनी लपवलं नाही. पण ते बेरियम, एंडोस्कोपी किंवा स्कॅनसारख्या तपासणीतच दिसतं. उपाय म्हणून आहारतज्ज्ञाकडून सवयी तपासतात, डॉक्टरांच्या देखरेखीत औषधं देतात, आणि गरज पडली तर पुन्हा शस्त्रक्रिया करतात. जठर लहान करणारी पावडर जगात नाही.

डब्यावरचा एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, क्रमांक नंतर पाहिला. हा क्रमांक १४ आकडी असतो आणि फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. या डब्यावरचा क्रमांक परराज्यातल्या एका मसाला कारखान्याचा निघाला. शिवाय लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, आणि त्याच्या यादीत लठ्ठपणाचं नाव स्पष्ट आहे. पैसे परत मागितले तेव्हा आधी “ताई, रिझल्ट तर आला ना” असं उत्तर मिळालं, मग फोन बंद.

यूपीआयने पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. मी बरीच उशिरा केली, कारण फसवणूक झाली हे कळायलाच बेरियमचा रिपोर्ट लागला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल नसलं तरी अडत नाही. यूपीआयची पावती, डब्याचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप आणि त्या दोन आकड्यांचा कागद मी जोडला आहे. तुमच्याकडे असा कागद असेल तर फाडू नका. अन्न व औषध प्रशासनाकडेही डब्यासह अर्ज दिला आहे.

आता अमरावतीच्या एका बाईंकडून कळलं, की तिथेही असंच शिबिर झालं. डब्यावरचं नाव वेगळं, पांढरा कोट तोच, आणि पेल्यात पातळ दही. त्यांनी पैसे भरण्याआधी मला विचारलं म्हणून त्या सुटल्या. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडे कोणाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर शिबिराचं आमंत्रण येण्याआधी हे त्यांना पाठवा.