तुटलेला बोल्ट '१० सेकंदांत' काढणारा सेट घेतला आणि फसलो

सायलेन्सर उतरवताना सिलेंडर हेडमधला ८ मिलिमीटरचा स्टड (बिनडोक्याचा, आट्यांचा बोल्ट) कट्‌कन तुटला. तीनेक मिलिमीटरचं टोक बाहेर, बाकीचा अॅल्युमिनियममध्ये गंजून बसलेला. त्याच रात्री फोनवर जाहिरात आली. तुटलेला बोल्ट काढायच्या काड्यांचा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरचा, चार नगांचा सेट, एका टोकाला ड्रिल, दुसऱ्या टोकाला उलटे आटे, सोनेरी झळाळी आणि प्रत्येक नगावर कोरलेलं 'एचएसएस एम २', म्हणजे हाय स्पीड स्टील, ड्रिलच्या बिटांचं कडक पोलाद. व्हिडिओत एक हात ड्रिल मशीन उलटं फिरवतो आणि १० सेकंदांत स्क्रू बाहेर. मागवून टाकला.

खरी फसवणूक त्या व्हिडिओतच होती, पण ती मला नंतर दिसली. तो स्क्रू लाकडात होता. डोक्याची खाच तेवढी झिजलेली, बाकी अखंड आणि गंजाचा डागही नाही. तसला स्क्रू सुटायला जोर लागतो कितीसा? माझा स्टड पाना लावल्यावर पिळून तुटला होता. म्हणजे गंजाची पकड स्टडच्या पोलादावरही भारी पडली होती. आता त्याच स्टडच्या पोटात ४ मिलिमीटरची काडी घालून तो फिरवायचा! जाडी निम्मी झाली की पीळ सोसायची ताकद एक अष्टमांश उरते. माल अस्सल असता तरी हे जमणं कठीणच होतं. हे गणित मला येत नव्हतं असं नाही, त्या रात्री करावंसं वाटलं नाही इतकंच.

आणि माल अस्सल नव्हताच. मधोमध पंच मारून, तेल टाकून, हळू वेगानं त्यांचं ड्रिलचं टोक टेकवलं. मिनिटभरात टोक निळं पडलं आणि धार गेली. स्टडवर नुसता चकचकीत खळगा. एचएसएस लालबुंद होईस्तोवर कडकपणा सोडत नाही, ही तर त्या पोलादाची ख्याती. साधं कार्बन पोलाद मात्र निळं झालं की नरमतं. तिथेच थांबायला हवं होतं. मी माझ्या जुन्या बिटानं भोक पाडलं आणि त्यांचं दुसरं टोक आत बसवून टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) हँडलनं फिरवलं. पाव फेरासुद्धा झाला नसेल. बारीक 'टिक्‌' असा आवाज आला आणि हँडल हातात मोकळं फिरलं. टोक आतच राहिलं होतं.

राहिलेल्या नगांवर मग कानस चालवून पाहिली. एकावर ती घसरली, दुसऱ्यावर चक्क कीस निघाला. एकाच सेटमध्ये दोन तऱ्हा. पण कानशीवर पूर्ण विसंबू नका, कारण कडक केलेल्या साध्या पोलादावरही ती घसरते. ग्राइंडरवर नग टेकवा (डोळ्यांवर गॉगल हवाच). एचएसएसच्या ठिणग्या लालसर, मोजक्या, न फुटणाऱ्या. माझ्या नगाची तर फुलबाजी उडाली, पिवळीधमक आणि टोकाला फुटणारी. सोनेरी रंगावरूनही काही ठरत नाही. टायटॅनियम नायट्राइडचा थर खरंच सोनेरी असतो, पण तो रंग कशावरही चढवता येतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, 'वापरलेली वस्तू परत घेत नाही.' दुसरं, 'तुम्ही वेग जास्त ठेवला असेल.' मी वाईट अभिप्राय लिहिल्यावर तिसरं आलं: अभिप्राय काढा, थोडे पैसे परत देतो. मग इतरांचे अभिप्राय नीट वाचले. पाच तारे देणाऱ्यांपैकी कित्येकजण मोबाइलच्या कव्हरचं कौतुक करत होते. जुन्या वस्तूचं पान, त्यावर नवी वस्तू चिकटवलेली.

हेड शेवटी वर्कशॉपमध्ये न्यावं लागलं. आत अडकलेलं कडक टोक साध्या ड्रिलला दाद देत नाही, म्हणून त्यांनी स्पार्क इरोजनवर लावलं. तांब्याच्या इलेक्ट्रोडनं ठिणग्या पाडत ते टोक कणाकणानं खाऊन काढतात, बाजूच्या आट्यांना धक्का लागत नाही. मात्र वेळ जातो आणि पैसेही. तिथल्या फिटरकाकांनी स्टडकडे पाहून विचारलं, "टोक बाहेर होतं ना? मग त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग का नाही मारलंस?" वेल्डिंगच्या उष्णतेनं गंजाची पकड सुटते, अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि फिरवायला नटही आयता मिळतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते टोक मी भोक सरळ पडावं म्हणून आधीच कानशीनं सपाट करून बसलो होतो.

मला विचाराल तर एक्स्ट्रॅक्टर घ्यावा तो जास्त आवळल्यामुळे तुटलेल्या, पण आत न गंजलेल्या बोल्टासाठी. तिथे डाव्या फिरकीचा ड्रिल बिट लावला तर कधी कधी भोक पाडतानाच बोल्ट सुटून येतो, एक्स्ट्रॅक्टरची वेळच येत नाही.

मागच्या आठवड्यात तो सेट पुन्हा दिसला. विक्रेत्याचं नाव वेगळं, डबी हिरवी. व्हिडिओ तोच, स्क्रूही तोच, लाकडातला.