ब्लूटूथ हेडसेटसाठी पल्सऑडिओ की पाइपवायर?

लिनक्सवर ब्लूटूथ हेडसेटसाठी वेगळा ड्रायव्हर सहसा शोधावा लागत नाही. जोडणीचे काम कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि ब्लूझी (लिनक्सचे ब्लूटूथ सांभाळणारे सॉफ्टवेअर) मिळून उरकतात. आपल्याला निवडायचा असतो तो त्यावरचा साउंड सर्व्हर, म्हणजे प्रोग्रॅमचा आवाज हेडसेटपर्यंत पोहोचवणारा प्रोग्रॅम; पल्सऑडिओ आणि पाइपवायर हे असे दोन सर्व्हर. मी काही वर्षे पल्सऑडिओ वापरला आणि डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती बसवल्यावर पाइपवायरकडे वळलो. त्यामुळे पुढील मत एका संगणकाच्या आणि एका हेडसेटच्या अनुभवापुरतेच समजावे.

केवळ गाणी ऐकायची असतील, तर माझ्या कानांना दोहोंत फरक जाणवला नाही. एलडॅक आणि ॲप्टएक्स हे चांगल्या आवाजासाठीचे कोडेक (ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धती) पल्सऑडिओमध्ये २०२१ च्या १५.० आवृत्तीपासून आले आहेत, तेव्हा त्या कारणासाठी घडी विस्कटण्याची गरज नाही.

खरी अडचण मायक्रोफोनची. हेडसेट कसा चालवायचा हे ब्लूटूथची प्रोफाइल ठरवते. ज्या ए२डीपी प्रोफाइलवर संगीत चांगले ऐकू येते, तिच्यात मायक्रोफोनला जागा नसते. बोलायचे झाल्यास हेडसेटला एचएफपी किंवा एचएसपी या बोलण्यासाठीच्या प्रोफाइलवर यावे लागते आणि तिथे आवाज टेलिफोनसारखा होतो. हा दोष ब्लूटूथच्या रचनेतला आहे, कोणत्याही सर्व्हरचा नाही. मात्र ही अदलाबदल कोणी करायची, यावर माझा निर्णय ठरला. पल्सऑडिओवर रोज सकाळी बैठक सुरू झाली की "तुमचा आवाज येत नाही" असे ऐकायचे, पाव्हूकंट्रोल हा आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्रॅम उघडून प्रोफाइल बदलायची, बैठक संपल्यावर ती परत बदलायला विसरायचे आणि संध्याकाळी तबला पत्र्याच्या डब्यातून वाजल्यासारखा का वाटतो याचा विचार करत बसायचे, असा माझा क्रम झाला होता. आपोआप बदल करण्याची सोय त्यातही आहे. ती चालू करून पाहिली, पण माझ्याकडे तिचा भरवसा वाटला नाही.

पाइपवायरमध्ये हे काम वायरप्लंबर हा त्याचा जोडीदार प्रोग्रॅम पाहतो: एखाद्या प्रोग्रॅमने मायक्रोफोन उघडला की प्रोफाइल बदलते, आणि बंद केला की पूर्वपदावर येते. अर्थात ब्राउझरच्या एखाद्या विसरलेल्या टॅबने मायक्रोफोन धरून ठेवला, तर गाण्याचा विचका इथेही होतो. तरीही रोजच्या त्रासापेक्षा हे मला परवडते.

मांडणी दोन्हीकडे सारखीच किचकट. डेबियनवर ब्लूटूथचे पॅकेज दोहोंसाठी वेगळे घ्यावे लागते, आणि पाइपवायरचे ते राहून गेले तर हेडसेट जोडूनही आवाजाच्या यादीत दिसत नाही. यात माझी एक संध्याकाळ गेली. जुन्या पल्सऑडिओची सेवा बंद करायलाही विसरू नये, नाहीतर दोघे एकाच हेडसेटवर हक्क सांगतात. पाव्हूकंट्रोल मात्र काढू नये. पाइपवायरचा पल्ससुसंगत (पल्सऑडिओसाठीचे प्रोग्रॅम चालवणारा) भाग बसवलेला असला की ते पूर्वीसारखेच चालते, आणि कोणती प्रोफाइल चालू आहे हे पाहायला मी अजूनही तेच उघडतो.