उंच केलेल्या पिकअपचे धक्के: सात महिन्यांनंतर

गाडी मी सेकंडहँड घेतली, तेव्हाच ती ४ इंच उंच केलेली होती. पाऊण टनी, म्हणजे जड कामाच्या वर्गातला डिझेल पिकअप. आधीच्या मालकाने पुढे उंच आणि कडक कॉइल स्प्रिंग टाकल्या होत्या. मागे ॲक्सल आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मध्ये लोखंडी ठोकळा होता, शिवाय पाट्यांमध्ये एक जादा पाटा. टायर ३५ इंची. दिसायला देखणी आणि ट्रेलर ओढायला भक्कम, पण रिकामी चालवली की कंबर धरून उतरायची वेळ.

मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोहून मडेराला ९९ नंबरच्या हायवेने रोज जातो. तिथल्या जुन्या काँक्रीटच्या पट्ट्यांत साधारण दर १२ ते १५ फुटांवर सांधा येतो. ताशी ६५ मैलांच्या वेगाला सेकंदाला सहा ते आठ सांधे चाकाखालून जातात, आणि गाडीचा मागचा भाग त्या तालावर सारखा आपटत राहतो. पहिल्याच आठवड्यात कपहोल्डरमधला चहा आरशापर्यंत उडाला.

मी पहिली चूक केली ती शॉकअप बदलण्याची. चांगले मोनोट्यूब (एकाच नळीचे), गॅसचे, या उंचीसाठीच बनवलेले चार शॉकअप घेतले, बसवणावळीसह हजार डॉलरच्या आसपास गेले. वळणावर गाडी झुलायची ते थांबलं, ब्रेक मारल्यावर नाक खाली घालायची तेही कमी झालं. सांध्यांवरचा धक्का मात्र जसाच्या तसा. महिनाभर मी मनाची समजूत घालत होतो की फरक पडलाय. पडला नव्हता.

त्याच सुमारास आईबाबा सांगलीहून आले. बाबांनी आयुष्याची पंचवीस वर्षं ऊसवाहतुकीचा ट्रक चालवलाय आणि त्यांना मणक्याचा त्रास आहे. ४१ नंबरच्या रस्त्याने योसेमिटी नॅशनल पार्कला निघालो, तेव्हा वाटेतलं ओकहर्स्ट गाव यायच्या आत त्यांनी आईची शाल मागून घेतली, घडी घातली आणि बुडाखाली घेतली. तक्रार एका शब्दाने केली नाही. संध्याकाळी मात्र मागच्या चाकाशी उकिडवे बसून पाट्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "अरे, कारखान्यावर ऊस टाकून रिकामा ट्रक परत यायचा, तो असाच उडायचा. आधी गाडी काट्यावर घाल. पुढे किती, मागे किती बघ. मग हवा बघ. पाट्यांना हात नंतर लावायचा."

दुसऱ्या दिवशी ट्रकथांब्यावरच्या वजनकाट्यावर गाडी नेली. तिथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं मिळतं. पुढे ४,६२० पौंड, मागे ३,०८०. आणि चारही टायरांत हवा किती? ६५ पीएसआय. टायरच्या कडेवर कमाल म्हणून छापलेला आकडा, तोच कुणीतरी सरसकट भरून ठेवला होता. म्हणजे मागच्या एकेका टायरवर जेमतेम १,५४० पौंड आणि आत हवा पूर्ण भाराची. ते रबर दबणार तरी कसं!

टायर कंपनीच्या भार-हवेच्या तक्त्यातून आकडे काढले, वर थोडी सूट ठेवली आणि पुढे ५०, मागे ४० केली. मग टायरवर आडवी खडूची रेघ ओढून सरळ रस्त्यावर थोडी गाडी चालवली. ६५ ला रेघ फक्त मधोमध पुसली जायची, आता कडेपर्यंत सारखी पुसली गेली. धक्क्यांतला निम्मा कडकपणा इथेच गेला, एक पैसा न घालता. डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा लागला, कारण तो कारखान्याने ठरवलेल्या हवेच्या हिशोबाने जुळवलेला असतो. तो वर्कशॉपमध्ये नव्या आकड्यांवर लावून घेतला. पण हे आकडे माझ्या टायरांचे आणि माझ्या वजनाचे आहेत, तसेच उचलू नका. ट्रेलर जोडायच्या आधी मी मागची हवा न चुकता ६० वर नेतो. कमी हवेवर भार ओढला तर टायर तापून फुटतो.

उरलेला धक्का कुठून येतो ते एका प्लॅस्टिकच्या झिप-टायने (वायरी बांधायच्या पट्टीने) दाखवलं. मागच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्याला ती घट्ट बांधली, खाली सरकवून बुडाला टेकवली आणि आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवली. शॉकअप दबला की झिप-टाय वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. आठवड्याने वाकून पाहिलं, ती एक इंचसुद्धा सरकली नव्हती. हजार डॉलर कुठे वाया गेले ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं. शॉकअप हालचाल आवरतो. इथे पाटे हलतच नव्हते, तर तो आवरणार काय?

म्हणून जादा पाटा काढला. पाटे सुटे झाले तेव्हा मधल्या फटींतून तपकिरी गंजाची भुकटी पडली. ते घासून साफ केले, टोकांच्या झिजलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्या बदलल्या आणि पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घातले. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत, आणि नवे ५०० मैलांनंतर परत टॉर्क लावून आवळावे लागतात. गाडी मागे इंचभर खाली आली. झिप-टाय पुन्हा बांधली, या वेळी ती अडीच इंच सरकली.

पुढचं काम सगळ्यात शेवटी केलं, आणि त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. गाडी उंच केली की पुढचा ॲक्सल धरून ठेवणारे रेडियस आर्म तिरके होतात. खड्ड्याची कड लागली की चाकाने वर आणि जरा मागे जायला हवं. तिरक्या आर्ममुळे ते वर जाताना पुढे ढकललं जातं, म्हणजे त्या कडेवरच चालून जातं. तोच झटका स्टीअरिंगमध्ये येतो. आर्मचा मागचा सांधा खाली आणणाऱ्या ब्रॅकेट मिळतात. त्या बसवून अलाइनमेंट केली. कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंगच्या आसाचा मागेपुढे कल, तोही ठिकाणावर आला, त्यामुळे हायवेवर गाडी इकडेतिकडे ओढायची तेही गेलं. बाबांची चौकशी करायला येणारा शेजारी म्हणाला होता की सगळं काढून मूळ उंचीवर आण. मला ते पटलं नव्हतं. आज ठामपणे सांगतो, दोष उंचीचा नव्हता. उंची ज्या पद्धतीने मिळवली होती, तिचा होता.

याची किंमतही मोजली आहे. ट्रेलर जोडला की मागची बाजू आता पूर्वीपेक्षा दीड इंच जास्त बसते, म्हणून भार वाटून देणारा हिच (ट्रेलरचा जोड) वापरतो. मडेराच्या अलीकडचा एक पट्टा रिकाम्या गाडीला अजूनही नाचवतो. तिथे मी लेन बदलतो, किंवा हौद्यात मागच्या ॲक्सलच्या वर वाळूची चारपाचशे पौंडांची पोती असली तर तेवढंही करावं लागत नाही. ही मोटारीसारखी कधीच चालणार नाही, तशी माझी अपेक्षाही नाही.

आईबाबा परत जाण्याआधी त्यांना घेऊन त्याच ४१ नंबरच्या रस्त्याने पुन्हा गेलो. ओकहर्स्ट मागे पडलं तरी शाल आईच्या खांद्यावरच होती. बाबांचं लक्ष मात्र आवाजाकडे होतं. उजव्या मागच्या पाट्याचा बुश (सांध्यातली रबरी नळी) बोलतोय म्हणाले. खरंच बोलतोय. नवे बुश मागवलेत, पुढच्या शनिवारी बसवणार आहे.