न्यू व्हिक्टरी थिएटर, 42 वी स्ट्रीट, न्यूयॉर्क: शो बघाच, पण बिल्डिंग पण नीट बघा

मुलांना घेऊन न्यूयॉर्कला जाणार असाल आणि ब्रॉडवेची तिकिटं परवडत नसतील, किंवा अडीच तास मुलं एका जागी बसतील का अशी धाकधूक असेल तर सरळ न्यू व्हिक्टरीला जा, ओळखीच्या प्रत्येकाला मी हेच सांगते. सर्कस, पपेट, डान्स, छोटी नाटकं, देशोदेशीचे ग्रुप येतात आणि सगळं मुलांसाठीच निवडलेलं असतं. साधारण 500 सीट्स, वर दोन बाल्कन्या, त्यामुळे कुठेही बसलात तरी स्टेज जवळच वाटतं. सीट दाखवणारी पोरंपोरी बहुतेक हायस्कूल-कॉलेजची असतात, त्यांना हे पगारी काम म्हणून देतात आणि ट्रेनिंगही देतात, हे मला फार आवडलं. शोबद्दल एवढं पुरे, कारण मला खरं सांगायचंय ते बिल्डिंगबद्दल.

बाहेरचा तो दोन बाजूंनी वर चढणारा दगडी जिना बघा, मोठाल्या दिव्यांचा. 1900 साली ऑस्कर हॅमरस्टाइनने हे थिएटर बांधलं तेव्हा नाव होतं रिपब्लिक. हा माणूस सिगार बनवायच्या मशीनची पेटंटं काढून पैसे कमावणारा आणि ते सगळे थिएटरात घालणारा (म्युझिकल्सची गाणी लिहिणारा ऑस्कर हॅमरस्टाइन तो याचा नातू). शेजारी याचंच व्हिक्टोरिया थिएटर होतं, दोन्हीच्या गच्चीवर मिळून उन्हाळ्यात बाग, पवनचक्की आणि चक्क खरी गाय! माझ्या पोरांना सगळ्या इतिहासातलं तेवढंच लक्षात राहिलंय.

1902 मध्ये डेव्हिड बेलास्को या नाटककार-निर्मात्याने ते चालवायला घेतलं, आतलं सगळं नव्याने सजवलं आणि स्वतःचं नाव दिलं. 1910 ला रस्ता रुंद करायचा म्हणून तो जिना पाडला आणि नावही परत रिपब्लिक झालं. मग 1922 पासून ज्यू मुलगा आणि आयरिश मुलगी यांच्या लग्नावरचं एक नाटक इथे इतकं चाललं की प्रयोगांचा आकडा 2000 च्या वर गेला.

आणि मग येतो तो भाग जो सांगताना लोक घाई करतात. 1929 ला शेअर बाजार कोसळला, मंदी आली, महागडी तिकिटं काढणार कोण, नाटकांची थिएटरं धडाधड रिकामी पडायला लागली. 1931 मध्ये बिली मिन्स्कीने हे घेतलं आणि इथे बर्लेस्क, म्हणजे नाच आणि चावट विनोदांचे स्वस्तातले शो, सुरू केले. मिन्स्की भावांचे शो आधी खाली लोअर ईस्ट साइडला गरीब वस्तीत चालायचे, ते असे थेट ब्रॉडवेच्या दारात आले. प्रेक्षकांमध्ये घुसणारे दोन रनवे बांधले, त्यावर मुली नाचायच्या, कपडे उतरवायचे आयटम असायचे, त्या काळची प्रसिद्ध बर्लेस्क डान्सर गिप्सी रोझ ली इथे नाचली आहे. पण बर्लेस्क म्हणजे नुसतं तेवढंच नव्हतं, मधे मधे कॉमेडियन असायचे, ढगळ पँटी, दुहेरी अर्थाचे संवाद, वरच्या लोकांची टर उडवणं, आपल्या तमाशातला सोंगाड्या करतो तसंच. अमेरिकन कॉमेडीतली कितीतरी मोठी नावं अशाच शोंमधून तयार झाली. बेकारीच्या दिवसांत कमी पैशात दोन घटका हसायला मिळत होतं आणि त्या मुलींची त्यावर चूल पेटत होती, याला नाक मुरडायचं काही कारण मला तरी दिसत नाही.

ओरड मात्र खूप झाली, धर्मगुरूंची, आसपासच्या मालमत्तावाल्यांची, आणि 1937 मध्ये मेयर ला गार्डियाच्या काळात शहराने बर्लेस्कची लायसन्सच अडकवली. बोर्डावर बर्लेस्क शब्द लिहायला बंदी, मिन्स्की नाव लिहायलाही बंदी. 1942 ला युद्धाच्या दिवसांत नाव व्हिक्टरी झालं आणि सिनेमा सुरू झाला. सत्तरच्या दशकात तर पोर्न फिल्म्स लागायच्या. 1990 मध्ये या रस्त्यावरच्या जुन्या थिएटरांचा ताबा सरकारी यंत्रणेकडे आला, न्यू 42 वी स्ट्रीट नावाची ना-नफा संस्था स्थापन झाली आणि डिसेंबर 1995 ला हे मुलांचं थिएटर म्हणून उघडलं. 1 कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. बाहेरून हॅमरस्टाइनच्या वेळचं रूप, म्हणजे तो जिनाही नव्याने बांधला, आणि आतून बेलास्कोच्या वेळचं. घुमटाच्या कडेला पंखवाली बाळं आहेत, लाइट जायच्या आधी मान वर करून बघा.

रनवे परत बांधले नाहीत, लहान मुलांच्या थिएटरात ते कसे बांधणार, कळतं मला. पण लोक जेव्हा "1900 चं सुंदर थिएटर, मधे वाईट दिवस आले, मग वाचवलं" असं सांगतात तेव्हा मला राग येतो. शेजारचं व्हिक्टोरिया केव्हाच पाडलं गेलं. हे उभं राहिलं कारण नाटकं थांबली तेव्हा इथे बर्लेस्क चाललं, ते बंद केलं तेव्हा सिनेमा चालला, कोणी ना कोणी रोज तिकीट काढून आत येत राहिलं. वाचवायला काहीतरी शिल्लक राहिलं ते या सगळ्यांमुळे, त्यात त्या नाचणाऱ्या बायकाही आल्या.

जायचं कसं, तर न्यू जर्सीवाल्यांनी गाडी अजिबात आणू नका, बसने पोर्ट अथॉरिटी बस टर्मिनलला उतरा, तिथून चालत पाच मिनिटं, सातव्या आणि आठव्या अॅव्हेन्यूच्या मधे आहे. प्रत्येक शोला वय दिलेलं असतं ते बघूनच तिकीट काढा. आणि शक्यतो दुपारचा शो घ्या, म्हणजे आधी समोरच्या फुटपाथवरून जिना नीट बघता येतो.